घरच्या प्लेअरवर न चालणारी डीव्हीडी : दोष कोठे शोधावा

मृगाच्या आधीच्या पंधरवड्यात गावोगाव बियाण्यासंबंधी सभा होतात. घरचे सोयाबीन पेरावयाचे असेल तर त्याची उगवणशक्ती आधी पाहिली पाहिजे, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून किती उगवतात ते मोजले पाहिजे, आणि ती संख्या सत्तरच्या खाली गेल्यास बियाण्याचे प्रमाण वाढविले पाहिजे, ही गोष्ट तोंडी सांगण्यापेक्षा डोळ्यांना दाखविली तर चटकन पटते. म्हणून कार्यकर्ता वीस मिनिटांची फिल्म संगणकावरून डीव्हीडीवर उतरवून घेतो. गावात ज्यांच्या घरी मोठा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर आहे त्यांच्या ओसरीवर चाळीस माणसे जमतात. तबकडी आत जाते, थोडी घरघर होते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी अक्षरे उमटतात. तासापूर्वी कार्यालयातील संगणकावर तीच तबकडी व्यवस्थित चालली होती. लोक थोडा वेळ थांबतात, मग एकेक करून उठतात. आणि पुढची सभा ठरेपर्यंत पेरणी होऊन गेलेली असते.

आता फिल्म मोबाइलवर पाठविता येते हे खरे. परंतु ज्या वाडीवर पुरेशी रेंज नाही तेथे तिचा उपयोग होत नाही, आणि एकेकाने हातातल्या पडद्यावर पाहणे व चाळीस जणांनी एकत्र बसून पाहणे व त्यावर वाद घालणे यांत पुष्कळ अंतर आहे. जुने प्लेअर अद्याप पुष्कळ घरी चालू आहेत. मात्र नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा डीव्हीडी रायटर नसतो, त्यामुळे तबकडी लिहिण्याचा सराव सुटत चालला आहे. पूर्वी ज्या चुका सर्वांना ठाऊक होत्या त्या पुन्हा नव्याने होऊ लागल्या आहेत. त्यांची कारणे व उपाय पुढे दिले आहेत.

पहिली परीक्षा

पिकावर रोग दिसताच औषध फवारणारा शेतकरी जसा पैसा वाया घालवितो, तसेच तबकडी चालली नाही की लगेच दुसरी लिहिणारा कार्यकर्ता तबकड्या वाया घालवितो. दोष चार ठिकाणी असू शकतो : प्लेअरमध्ये, कोऱ्या तबकडीत, लिहिण्याच्या कृतीत किंवा फिल्मच्या स्वरूपात. यांपैकी कोठे आहे ते अदलाबदल करून ओळखता येते, व त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

प्रथम त्याच प्लेअरमध्ये बाजारातून आणलेली, कारखान्यात छापलेली एखाद्या चित्रपटाची डीव्हीडी घालावी. ती चालली नाही तर प्लेअर बिघडलेला आहे, आपल्या तबकडीस दोष देऊ नये. ती चालली तर आपली तबकडी दुसऱ्या घरच्या, शक्यतो दुसऱ्या बनावटीच्या प्लेअरवर लावून पाहावी. तेथे चालल्यास तबकडी व पहिला प्लेअर यांचे जमत नाही एवढाच अर्थ निघतो. तेथेही न चालल्यास दोष आपल्या लिहिण्यात किंवा फिल्ममध्ये शोधावा.

प्लेअर काय म्हणतो याकडेही लक्ष द्यावे. ‘नो डिस्क’ असे म्हणत असेल तर त्यास तबकडी दिसलेलीच नाही. येथे तबकडीचा प्रकार, ती बंद न करणे किंवा मळलेले भिंग हे संशयित होत. तबकडी ओळखून मग स्वरूप समजत नाही अशा अर्थाचा संदेश देत असेल तर फिल्मचा साचा चुकला आहे. चित्र सुरू होऊन मध्येच अडखळत असेल तर लिहिण्याचा दर्जा, ओरखडे किंवा माहितीचा वेग यांकडे पाहावे. आणि जो प्लेअर सीडी वाजवितो पण कोणतीही डीव्हीडी वाजवीत नाही, त्याचा डीव्हीडीसाठी असलेला लाल लेसर क्षीण झाला असण्याचा संभव आहे. कारण सीडी व डीव्हीडी यांच्यासाठी साधारणपणे दोन निरनिराळे लेसर असतात. सीडीचा अवरक्त, ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, व डीव्हीडीचा लाल, ६५० नॅनोमीटरचा.

लिहिलेली तबकडी छापील तबकडीहून निराळी का

डीव्हीडी ही प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पातळ चकत्या चिकटवून बनविलेली, १२ सेंटिमीटर व्यासाची तबकडी होय. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेषा असते. रेषेच्या दोन वेढ्यांमध्ये ०.७४ मायक्रॉन इतकेच अंतर असल्याने ही रेषा उलगडून सरळ केली तर जवळजवळ १२ किलोमीटर लांब भरेल. कारखान्यात छापलेल्या तबकडीत या रेषेवर खरेखुरे सूक्ष्म खळगे असतात. आपण संगणकावर लिहितो त्या तबकडीत खळगे नसतात. तेथे रंगद्रव्याचा पातळ थर असतो व रायटरचा लेसर तो जागोजागी तापवून त्याच्या खुणा करतो. प्लेअर या खुणांनाच खळगे समजून वाचतो. ही फसवणूक जितकी चांगली साधते तितकी तबकडी अधिक यंत्रांवर चालते.

पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या, म्हणजे ‘आरडब्ल्यू’ तबकडीत रंगद्रव्याऐवजी धातूंच्या मिश्रणाचा थर असतो. हा थर प्रकाश फारच कमी परत करतो. छापील एकथरी तबकडी आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा शेकडा ४५ ते ८५ भाग परत करते, तर आरडब्ल्यू तबकडी शेकडा १८ ते ३० एवढाच. दोन थरांच्या छापील तबकडीचे प्रमाणही एवढेच असल्यामुळे काही जुने प्लेअर आरडब्ल्यू तबकडी पाहून ती दोन थरांची समजतात, दुसरा थर शोधू लागतात व तो न सापडल्याने तबकडी नाकारतात. यावरून एक सोपा नियम निघतो : आरडब्ल्यू तबकडी कार्यालयात कच्च्या कामासाठी वापरावी, गावात नेण्याची प्रत एकदाच लिहिता येणाऱ्या ‘आर’ तबकडीवर करावी. एक तबकडी वाचविण्यासाठी संपूर्ण सभा पणास लावणे परवडत नाही.

‘आर’ तबकडीतही दोन जाती आहेत. ‘उणे आर’ ही पायोनिअर कंपनीने १९९७ साली आणलेली व डीव्हीडी फोरमने मान्य केलेली जात. ‘अधिक आर’ ही दुसऱ्या कंपन्यांच्या संघाने २००२ साली बाजारात आणली. आजचे रायटर दोन्ही जाती लिहितात व बहुतेक प्लेअर दोन्ही वाचतात. अगदी जुन्या प्लेअरच्या बाबतीत मात्र उणे जात अधिक भरवशाची ठरते, कारण ते यंत्र बनले तेव्हा अधिक जात अस्तित्वातच नव्हती. अधिक जातीचा एक गुण मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रत्येक तबकडीच्या आरंभी ती कोणत्या प्रकारची हे सांगणारी खूण असते. उणे जातीत ही खूण कारखान्यातच कोरलेली असते. अधिक जातीत काही रायटर ती बदलून ‘ही छापील तबकडी आहे’ असे लिहू शकतात. लिहिण्याच्या कार्यक्रमात ‘बुकटाइप’ या नावाने ही सोय आढळल्यास ‘डीव्हीडी-रॉम’ निवडावे. केवळ खूण पाहून तबकडी नाकारणारे हट्टी प्लेअर मग पुष्कळदा ती स्वीकारतात.

कोऱ्या तबकड्या घेताना बियाण्याच्या पिशवीप्रमाणेच नीट पारखून घ्याव्यात. भारतात त्या मोठ्या प्रमाणावर बनविणारी मोझर बेअर ही कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. त्यामुळे दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला साठाही हाती येण्याचा संभव असतो. रंगद्रव्य कोऱ्या अवस्थेतही जुने होते. म्हणून पन्नासांच्या चळतीतील एक तबकडी आधी लिहून, मिळेल त्या सर्वांत जुन्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालवून पाहावी व मगच बाकीच्या लिहाव्यात. शंभर दाणे गोणपाटावर मांडण्याचाच हा प्रकार आहे.

तबकडी बंद करणे

चालत नसलेल्या तबकड्या तपासताना जो दोष सर्वांत आधी शोधावा तो तबकडी बंद न केल्याचा. धान्याचे पोते भरून त्याचे तोंड न शिवता गाडीत टाकावे तशी ही गत होते. उणे जातीच्या तबकडीवर सुरुवातीच्या पट्ट्यातील माहिती व अखेरची सीमा ही बंद करतानाच लिहिली जाते. रायटरला अर्धवट लिहिलेली तबकडीही समजते, कारण पुढे लिहावयाचे असते. घरच्या प्लेअरला ती समजत नाही. तो सुरुवातीचा पट्टा शोधतो व तो कोरा सापडल्यास तबकडीच नाही असे समजून थांबतो. म्हणून संगणकावर चाललेली तबकडी गावात न चालल्याचे आश्चर्य मानू नये.

लिहिण्याच्या कार्यक्रमात यास ‘फायनलाइज’ किंवा ‘क्लोज डिस्क’ असे म्हणतात. ती निवड चालू असल्याची खात्री करून मगच लिहिण्यास आरंभ करावा. ‘मल्टिसेशन’, म्हणजे पुढे आणखी भर घालण्यासाठी तबकडी उघडी ठेवण्याची सोय, बंद ठेवावी. पूर्वी बंद न केलेली तबकडी पुन्हा रायटरमध्ये घालून बंद करता येते व पुष्कळदा ती मग चालू लागते. टीव्हीला जोडलेल्या घरगुती रेकॉर्डरवर भरलेली तबकडी असेल तर ती शक्यतो त्याच यंत्रावर बंद करून घ्यावी.

विंडोजवर आणखी एक सापळा आहे. कोरी तबकडी घालताच संगणक दोन पर्याय पुढे करतो : एक ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ आणि दुसरा ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर’. पहिला पर्याय सोयीचा दिसतो, कारण फाइल ओढून टाकली की झाले. पण त्यात तबकडीची मांडणीच निराळी होते व घरचे प्लेअर बहुधा ती वाचीत नाहीत. नेहमी दुसरा पर्याय घ्यावा. आणि तरीही एवढ्यावर समाधान मानू नये. कारण या मार्गाने मोबाइलची फिल्म जशीच्या तशी तबकडीवर जाते, आणि तेथेच पुढचा दोष उत्पन्न होतो.

फिल्मचा साचा

घरच्या प्लेअरला तबकडीवर एका ठरावीक नावाचा कप्पा हवा असतो. त्याचे नाव ‘व्हिडिओ टीएस’. त्यात ‘व्हीओबी’, ‘आयएफओ’ व ‘बीयूपी’ अशा तीन जातींच्या फाइली असतात : पहिल्यात चित्र व आवाज, दुसऱ्यात कोठे काय आहे याची सूची, तिसऱ्यात त्या सूचीची राखीव प्रत. चित्र एमपेग-२ पद्धतीने बांधलेले असावे लागते. मोबाइल मात्र चित्रण निराळ्या, अधिक नव्या पद्धतीने बांधून ‘एमपी-४’ फाइल करतो. ती फाइल नुसती तबकडीवर टाकली तर तबकडी निर्दोष असूनही जुना प्लेअर तिला ओळखणार नाही. ज्यांच्या पेटीवर ‘डिव्हएक्स’ अशी मोहर आहे ते प्लेअर काही फाइली थेट चालवितात, परंतु मोबाइलच्या आजच्या फाइली त्यांतही सहसा बसत नाहीत. त्या भरवशावर राहू नये.

तेव्हा लिहिण्यापूर्वी फिल्मचे रूपांतर केले पाहिजे. पूर्वी विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांत यासाठी ‘डीव्हीडी मेकर’ होता. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून तो काढून टाकण्यात आला. आता ‘डीव्हीडीस्टायलर’ हा मोफत मिळणारा कार्यक्रम हे काम करतो. त्यात ‘पाल’ पद्धत निवडावी. ५७६ ओळी व सेकंदास २५ चित्रे ही आपल्याकडील टीव्हीची पद्धत आहे. आवाज ‘एसी-३’ स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा. चित्र दिसते पण आवाज येत नाही अशी तक्रार असेल तर येथेच काही राहून गेले आहे असे समजावे. ओठ आधी हलतात व शब्द मागून येतात, असेही कधी घडते. मोबाइल सेकंदाला कधी जास्त, कधी कमी चित्रे घेतो व रूपांतरात हिशेब चुकतो. अशा वेळी फिल्म आधी ठरावीक २५ चित्रांच्या गतीवर आणून मग तबकडीसाठी बांधावी. उभ्या मोबाइलने घेतलेले चित्रण टीव्हीच्या मध्यभागी अरुंद पट्टीसारखे दिसते. त्यावर उपाय एकच, चित्रण घेताना मोबाइल आडवा धरणे.

माहितीच्या वेगाचीही मर्यादा पाळावी. चित्राला सेकंदास ९.८ मेगाबिट ही डीव्हीडीची कमाल आहे. लिहिलेल्या तबकडीवर एवढ्या वेगाने वाचताना जुन्या प्लेअरची दमछाक होते व चित्र गोठते. म्हणून ८ मेगाबिटच्या वर जाऊ नये. तासाभराची फिल्म या वेगाने सुमारे ३.६ गीगाबाइट होते व सुखाने मावते. दोन तासांची बसवावयाची असेल तर चित्र व आवाज मिळून ५ मेगाबिट धरावे. येथे एका घोटाळ्याची सूचना देणे अवश्य आहे : तबकडीवर ४.७ असे छापलेले असते, पण विंडोज १०२४ च्या पटीत मोजत असल्याने त्याच्या हिशेबाने ती ४.३८ गीगाबाइटच भरते. संगणक ४.५ दाखवील ती फिल्म त्या तबकडीवर मावणार नाही.

आणि फिल्म अगदी लहान असेल तर उलट अडचण येऊ शकते. पाच-दहा मिनिटांची फिल्म तबकडीच्या आतल्या बाजूस बारीकसे कडे व्यापते व काही प्लेअरना सीमा सापडत नाही. काही कार्यक्रमांत किमान १ गीगाबाइट लिहिण्याची सोय असते, ती वापरावी. नसल्यास दोन-तीन छोट्या फिल्म एकत्र कराव्यात.

विभाग-संकेताविषयी पुष्कळ बोलले जाते. भारताचा विभाग ५ आहे. आपण स्वतः लिहिलेल्या तबकडीवर सर्व विभागांस मोकळीक ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

वेग, वीज आणि जोडणी

प्रस्तुत लेखक पूर्वी घाईच्या दिवसांत तबकड्या रायटरच्या कमाल वेगाने लिहीत असे व त्यांतील काही शेवटच्या पाच मिनिटांत अडखळत. तबकडी आतून बाहेर लिहिली जाते. बाहेरची कड सर्वांत जोराने फिरते, तिलाच बोटांचे ठसे लागतात व तबकडी वाकलेली असली तर तेथेच ती अधिक हेलकावते. फिल्मचा शेवट अडतो तो यामुळे. १६ पट वेगाची म्हणून विकली जाणारी तबकडी ८ पटीने लिहावी. भरलेल्या तबकडीस तेवढ्याने सुमारे आठ मिनिटे लागतात. ४ पटीने पंधरा. जितके सावकाश तितके चांगले, हा समज मात्र खरा नाही. जलद लेखनासाठी बनविलेल्या रंगद्रव्यावर अगदी मंद वेगाने लिहिल्यास खुणा बिघडू शकतात.

लिहिताना वीज गेली तर ‘आर’ तबकडी बहुधा फुकट जाते. भारनियमनाची वेळ पाहून काम करावे, लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवावी आणि काही वेळाने आपोआप झोपी जाण्याची त्याची सवय तेवढ्यापुरती बंद करावी. बाहेरून जोडावयाचा रायटर असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. यूएसबी-२ च्या एका खाचेतून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळतो, आणि लिहिताना रायटरला याहून अधिक लागू शकतो. वाचन नीट होते पण लेखन मध्येच बंद पडते, असे दिसल्यास दोन टोकांची तार वापरून ती दोन खाचांत जोडावी, अथवा स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा. पुष्कळ निर्दोष रायटर केवळ या कारणाने भंगारात गेले असतील.

लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ करावे. पण त्याचा अर्थ ज्या रायटरने लिहिले त्यालाच ते वाचता आले एवढाच होय. खरी परीक्षा घरच्या प्लेअरवरच होते. शक्य असल्यास ज्या घरी सभा आहे तेथे आदल्या दिवशी तबकडी पाठवून ती सुरू करून पाहण्यास सांगावे, व शेवटची दोन मिनिटेही पुढे ढकलून पाहावीत.

तबकडीची व प्लेअरची निगा

तबकडी पुसताना मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. यामागील कारण शेतकऱ्यास सांगावे लागणार नाही. पेरलेल्या शेतातून आडवे चालत गेल्यास प्रत्येक ओळीतील एखाददुसरे रोप मोडते व पीक ते भरून काढते. पण ओळीवरूनच चालत गेल्यास ती ओळ संपूर्ण जाते. आडव्या ओरखड्याने तुटलेली माहिती प्लेअर स्वतः भरून काढतो. रेषेच्या दिशेने गेलेला ओरखडा त्याला भरून काढता येत नाही.

कागदी लेबल चिकटवू नये. त्याने तबकडीचा तोल जातो. बॉलपेनने लिहू नये. तबकड्या उन्हात, विशेषतः मोटारसायकलच्या डिकीत राहू देऊ नयेत. रंगद्रव्याला ऊन व उष्णता दोन्ही सोसत नाहीत.

प्लेअरमध्ये चुलीचा धूर व धूळ जाऊन भिंगावर पापुद्रा बसतो. प्लगमधून वायर काढून, वरचे झाकण उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या कापसाच्या काडीने भिंग अगदी हलक्या हाताने पुसावे व वाळू द्यावे. भिंग बारीक तारांवर तोललेले असते, दाब देऊ नये. झाकण उघडे असताना यंत्र कधीही चालू करू नये. लेसरचा प्रकाश डोळ्यांस अपायकारक आहे.

गावातील जुन्या तबकड्यांविषयी एक सूचना. पूर्वीच्या शिबिरांची, पीकस्पर्धांची चित्रणे पुष्कळ ठिकाणी ‘आर’ तबकड्यांवर कपाटात पडून आहेत, व त्यांचे रंगद्रव्य हळूहळू मरत आहे. एका संगणकावर न वाचलेली तबकडी दुसऱ्या बनावटीच्या रायटरवर पुष्कळदा वाचली जाते, म्हणून दोन-तीन ठिकाणी लावून पाहिल्याशिवाय ती टाकू नये. वाचली गेल्यास त्यातील ‘व्हिडिओ टीएस’ कप्पा जसाच्या तसा हार्डडिस्कवर व आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवावा. नव्या प्रतीवर गाव, विषय व लिहिल्याची तारीख पाण्यावर आधारलेल्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनने, तबकडीच्या मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावी. तेथे काहीही नोंदलेले नसते.